सांदवण, उरणच्या पुढे

आमच्या ग्रुपमध्ये किस्से जमवायला म्हणून कुणीच बसलं नव्हतं. आम्ही बसायचो ते एक देश तयार करायला. खोटा देश, कागदावरचा. आता अकरा वर्षं झाली. देश अजून अर्धाच झालाय आणि किस्से मात्र एवढे साचलेत की आमच्यातले दोघं जरी चहाला भेटले तरी पहिला कप "तुला ते आठवतं का" मध्येच संपतो. परवा फरीदा म्हणाली, तू लिहून ठेव, नाहीतर मी माझ्या पद्धतीनं सांगत सुटेन. म्हणून लिहितेय. तिची पद्धत मला ठाऊक आहे.

मी वैशाली. नवीन पनवेलमध्ये एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन आहे. बाई असले तरी पोस्ट ड्राफ्ट्समनचीच. दिवसभर दुसऱ्यांच्या टू-बीएचकेच्या रेघा ओढायच्या, आणि जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या ट्रेसिंग पेपरवर माझी एक किनारपट्टी काढत बसायचं, ही जुनी सवय. खाड्या, बेटं, डोंगर, एक नदी. कुणाला दाखवत नसे. दाखवण्यासारखं त्यात काही आहे असंही वाटत नव्हतं.

एकदा खानोलकर सर बाथरूम दुरुस्तीचा नकाशा न्यायला आले. रिटायर्ड माणूस, शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांचा प्रिंट निघेपर्यंत ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले आणि माझ्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ही नदी चढावर चालली आहे.

मी ओशाळून म्हटलं, सर, ते काल्पनिक आहे.

"नदी काल्पनिक असेल. पाणी तर पाणीच आहे ना?"

त्यांनी खुर्ची ओढली, माझी पेन्सिल घेतली आणि डोंगराची एक रांग डावीकडे सरकवली. मी उजवीकडे एक खाडी वाढवली. आमची डोकी अशी कागदात असताना मागून आमचे बॉस आले, वाकून बघायला लागले, आणि काळजीच्या सुरात विचारलं की हा सिडकोच्या नव्या वसाहतींतला कुठला नोड आहे आणि यात पार्किंग कुठे दाखवलंय.

सर शांतपणे म्हणाले, "अजून मंजुरी यायची आहे."

बॉसना ते पटलं. पनवेलच्या माणसाला यात नवल वाटत नाही. आमच्याकडे गाव आधी कागदावरच येतं. सेक्टरला नंबर पडतात, ब्रोशरमध्ये झाडं उगवतात, आणि दूधवाला दहा वर्षांनी येतो. आम्ही फक्त पहिल्या पायरीवरच थांबायचं ठरवलं. पुढच्या रविवारी सकाळी मी सरांच्या हॉलमध्ये होते. देशाचं नाव सांदवण ठेवलं. कसं सुचलं ते आता दोघांनाही आठवत नाही, पण दोघंही म्हणतो की मला सुचलं.

०

फरीदा माझी ब्लाउज शिवणारी. जुन्या पनवेलात बाजाराच्या मागे तिचं छोटं दुकान आहे. माप देताना मी तिच्यापाशी सांदवणबद्दल बोलून गेले. ती म्हणाली, मला पण दाखव. मला वाटलं, गंमत म्हणून येईल आणि कंटाळून जाईल.

ती आली. सरांनी तिला तासभर सगळं समजावलं. तोवर वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे सांगण्यासारखं खूप होतं. तीन राज्यं, दोन युद्धं, एक तह, पावसाचे वारे, खिंडीतून जाणारा व्यापारी रस्ता. फरीदा मान खाली घालून ऐकत होती. शेवटी सरांनी विचारलं, काही शंका?

"सर, एक अर्ज आहे. तुमच्या मुलखात कापूस कुठे पिकतो?"

सरांनी नकाशाकडे पाहिलं. मीही पाहिलं. कापूस नव्हता. मेंढ्या नव्हत्या. रेशीम नव्हतं, माग नव्हता, रंगारी नव्हता.

"म्हणजे हे बिचारे सालभर उघडेच लढतायत," फरीदा म्हणाली.

सर पाणी प्यायला म्हणून आत गेले. परत आले ते लाल कानांनी, आणि त्यांनी आग्नेयेच्या पठारावर काळी माती भरायला घेतली. त्या दिवसापासून सांदवणच्या अंगावर काय असेल याचा निर्णय फरीदाचा. राजासुद्धा तिला विचारल्याशिवाय फेटा बदलत नाही.

०

मग आली प्राची, सरांची जुनी विद्यार्थिनी. तेव्हा ती कॉलेजात होती. तिनं येताच आकाश ताब्यात घेतलं आणि सांदवणला दोन चंद्र दिले. एक पांढरा, एक फिकट हिरवा. आम्हाला फार आवडलं.

तिला घ्यायला तिचे वडील यायचे. हरिश्चंद्र पाटील, म्हणजे आमचे हरीदादा. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होते. त्याआधी पिढ्यान्पिढ्या घरची मिठागरं. ते खाली मोटरसायकलवर बसून राहायचे. एका रविवारी ऊन फार होतं म्हणून सरांनी त्यांना वर बोलावलं. ते हात मागे बांधून नकाशासमोर उभे राहिले. समुद्र बघितला, किनारा बघितला, मग लेकीला विचारलं, हे वर दोन वाटोळे कसले. तिनं सांगितलं.

हरीदादांनी बोटांवर काही हिशेब केला.

"दोन चंद्र हायत तं भरती कवरी येल, इचार केलास? आमचा बांध एका चंद्रानच फुटतो."

प्राची म्हणाली, पण बाबा, सुंदर दिसतात. ते म्हणाले, सुंदर दिसतात ते खरं, पण मग किनाऱ्यावर माणूस नाय ऱ्हायचा. दोघांपैकी कुणी मागे हटेना. चार रविवार हा वाद चालला. मोटरसायकलवरून एकत्र जायचे, एकत्र यायचे, आणि जिन्यावरसुद्धा चंद्रावरूनच भांडायचे. सरांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, पोहे पुढे केले की तेवढा तह.

शेवटी प्राचीनं हिरवा चंद्र पोकळ केला. कापसाच्या बोंडासारखा हलका, पाणी न ओढणारा. हरीदादांनी खूप विचार करून होकार दिला, पण माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि नकाशाच्या समासात स्वतःच्या अक्षरात लिहिलं: "लहान चंद्र. फक्त बघायला."

त्यानंतर ते कधी खाली थांबले नाहीत. सांदवणची सगळी मिठागरं त्यांची.

०

सर शिस्तीचे. त्यांचं म्हणणं, जमिनीच्या पोटात जे असेल ते कधीतरी वर येणार. प्राचीनं नेमक्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी एक शहर वसवलं होतं. रस्ते, कारंजी, नाटकगृह, दोन वर्षांचं काम. सरांनी तिला तीनदा बजावलं होतं. चौथ्या वेळी बजावलं नाही. आम्ही रविवारी पोचलो तर शहरावर राखाडी रंग फिरवलेला, आणि खाली टीप: उद्रेक झाला.

प्राचीनं आपली पर्स घेतली. उठली आणि निघून गेली. तीन रविवार आलीच नाही. सरांचं जेवण कमी झालं, हे काकूंनी मला फोन करून सांगितलं. सर स्वतः काही कबूल करणाऱ्यातले नव्हते.

चौथ्या रविवारी ती आली. हातात हस्तलिखित कागदांचा गठ्ठा. सरांसमोर ठेवला. उद्रेकाच्या आदल्या दिवशी शेळ्या दावी तोडू लागल्या, म्हणून म्हाताऱ्या बायकांनी सगळ्यांना शहर सोडायला लावलं. कोण कुणाचा हात धरून निघालं, काय घेतलं, काय राहिलं, सगळं लिहिलं होतं. सरांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मग हळू आवाजात विचारलं, कितीजण वाचले?

"सगळे," ती म्हणाली.

सरांनी चष्मा पुसला. म्हणाले, ठीक आहे, मग माझ्या खोऱ्यात त्यांना जागा देऊ. वातावरण एकदम सैल झालं. काकू चहा टाकायला उठल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून हरीदादा म्हणाले,

"नुसता 'देऊ' नका बोलू, सर. आंदी कागदावर लिवून द्या."

कुणी हसलं नाही. सरांनी कोरा कागद घेतला, प्रत्येक कुटुंबाला किती जमीन, नदीपासून किती अंतरावर, हे सगळं लिहिलं, खाली सही केली आणि तारीख टाकली. हरीदादांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून प्राचीच्या पर्समध्ये ठेवायला दिला.

०

फरीदाचा किस्सा तिनं सांगायला हवा, पण ती वाढवून सांगते.

तिनं सांदवणच्या कोष्टी बायकांसाठी एक बाही ठरवली होती. कोपरापर्यंत घट्ट, तिथून तीन चुण्या, आणि शेवटी उलटी पट्टी. कारण मागावर बसताना बाही सुतात अडकायला नको. नमुना म्हणून एक ब्लाउज शिवला आणि दुकानात टांगला. एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, हे छान आहे, मला मुलीच्या साखरपुड्याला असंच हवं. कुठलं डिझाइन? फरीदा म्हणाली, सांदवणचं. त्यांनी विचारलं, हे कुठे आलं? फरीदा घाईत होती, तोंडाला येईल ते बोलून गेली.

"उरणच्या पुढे."

उरणच्या पुढे समुद्र आहे. पण बाईंनी मान हलवली.

त्या साखरपुड्यातून आणखी सहा ऑर्डरी आल्या. त्या सहांतून किती, ते तिनं मोजायचं सोडलं. दोन वर्षांनी ती नात्यातल्या लग्नाला नाशिककडे गेली होती. तिथल्या एका टेलरच्या दुकानात काचेमागे तीच बाही. तिनं काही माहीत नसल्यासारखं विचारलं. टेलरनं तिला खाली बसवून समजावलं की ताई, ही सांदवणी बाही, फार जुनी कला आहे, आता करणारे राहिले नाहीत, माझ्या आजोबांना यायची.

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

फरीदा म्हणाली, "मी म्हटलं, शिकवाल का? त्यानं शिकवली. माझ्यापेक्षा चांगली करतो."

०

प्राचीनं नंतर सांदवणची वेबसाइट काढली. कुणीही यावं, कुठल्याही गावात घर बांधावं, आपली गोष्ट लिहावी. अट एकच, दुसऱ्यानं बांधलेलं मोडायचं नाही. हळूहळू कुठून कुठून लोक आले. बहुतेकांना आम्ही कधी पाहिलं नाही.

त्यात विदर्भातल्या एक नर्स होत्या. त्यांनी उत्तरेच्या खिंडीत, जिथे आम्ही निव्वळ बर्फ आणि वारा ठेवला होता, तिथे चहाचं दुकान टाकलं. ड्युटी संपली की रोज चार ओळी लिहायच्या. आज एक मेंढपाळ आला, बोलला नाही, दोन चहा प्यायला. आज एक नवरी सासरी जाताना थांबली, तिला आलं जास्त हवं होतं. बास, एवढंच. मी सकाळी ऑफिसात कॉम्प्युटर सुरू केला की आधी खिंडीत जाऊन यायची.

एक दिवस त्यांनी लिहिलं, दुकान काही दिवस बंद राहील, आई आजारी आहे. नंतर काहीच नाही. आठवडा गेला, महिना गेला. फोन नंबर कुणाकडे नव्हता. विचारायचं तरी कसं.

मग कुणीतरी, कोण ते आजही माहीत नाही, लिहिलं: दुकान बंद होतं, पण किल्ली चौकटीवर होती. मी चहा करून घेतला, पातेलं घासून ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्यानं लिहिलं, छपराचा पत्रा वाऱ्यानं सुटला होता, ठोकून दिला. मग रोजच कुणी ना कुणी येऊ लागलं. हरीदादांनी दक्षिणेतून मिठाची गोणी पाठवली. फरीदानं गल्ल्याच्या टेबलावर नवीन टेबलक्लॉथ घातला. सरांनी, ज्यांनी आयुष्यात चहा केला नव्हता, स्टोव्हची वात बदलली असं लिहिलं आणि काकूंकडून तपासून घेतलं.

अडीच-तीन महिन्यांनी त्या परत आल्या. आईचं काय झालं ते त्यांनी लिहिलं नाही, आम्हीही विचारलं नाही. सगळं वाचून त्यांनी एकच ओळ लिहिली.

"साखर संपवलीत तुम्ही लोकांनी."

आणि खाली: आज सकाळी दुकान उघडलं.

०

आता तो हॉल नाही. काकू गेल्यावर सर पुण्याला मुलाकडे राहायला गेले. फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत. प्राची बंगलोरला नोकरीत आहे, वेबसाइट तिथून चालवते, पण रविवारी सकाळी तिला आता झोप हवी असते. सांदवणच्या नकाशाच्या गुंडाळ्या माझ्या करंजाड्याच्या घरी, कपाटावर. फरीदा महिन्यातून एकदा येते, एखादी उलगडते, काही न लिहिता परत गुंडाळते. सरांचा फोन येतो. पावसाळ्यात हमखास विचारतात, नदीला पाणी किती आहे. कुठल्या नदीला ते सांगत नाहीत. मीही सांदवणच्याच नदीचं सांगते.

एक किस्सा राहिला. सर पुण्याला जायच्या आदल्या वर्षीचा.

हरीदादांचं गाव एका मोठ्या प्रकल्पात गेलं. घरं पाडली, माणसं वेगवेगळ्या सेक्टरांत गेली. पाटील कुटुंबाला प्लॉट मिळाला, घरही झालं. हरीदादा त्याबद्दल आमच्याकडे कधी काही बोलले नाहीत. दोन वर्षांनी एका रविवारी त्यांनी खिशातून वहीचं पान काढलं आणि विचारलं, सांदवणच्या दक्षिणेला, मिठागरांच्या मागे, माजा गाव बसल काय?

आमच्याकडे एक नियम होता, सरांनीच केलेला. खऱ्या गावाचं नाव वापरायचं नाही. सरांनी विचारलं, नाव काय ठेवू या? हरीदादा म्हणाले, नाव त्येच. सरांनी नियमांचा कागद काढला, त्या ओळीवर काट मारली आणि मला म्हणाले, मोठ्या स्केलला घे, घरं दिसायला हवीत.

मी वेगळा कागद लावला. हरीदादा पावलांत अंतर सांगायचे आणि मी मांडायची. देऊळ, तळं, होळीचा माळ. पण सगळी घरं त्यांना आठवेनात. मग ते गावातली माणसं घेऊन यायला लागले. दर रविवारी एकदोघं. चपला बाहेर काढून यायची, अवघडून सोफ्याच्या कडेला बसायची, आणि एकदा बोट कागदावर टेकलं की तासभर उठायची नाहीत. एका आजीनं माझी विहीर सहा पावलं सरकवली आणि सरांना सांगितलं, आता घागर भरता येल.

एका रविवारी हरीदादांनी बळीनानांना बोलावलं. पंचाहत्तरीचे असतील. ते दहाला आले. साडेदहाला त्यांचा धाकटा भाऊ दामाकाका आला. दोघं एकमेकांशी वीसएक वर्षं बोलत नव्हते. आईच्या बाराव्यालासुद्धा वेगवेगळे जेवले होते. अंगणाच्या वाटणीवरून भांडण झालं आणि बळीनानांनी मधोमध भिंत घातली होती, छातीएवढी, वर काचा लावलेली. हरीदादांनी दोघांनाही सांगितलं नव्हतं की दुसरा येतोय. मला तर त्यांनी तेव्हा फक्त भिंतीचं माप दिलं होतं. बाकीचं सगळं मी नंतर ऐकलं.

दोघं खोलीच्या दोन टोकांना बसले. मी विचारलं की दार कुठल्या बाजूला, तुळस कुठे, कोंबड्यांचं खुराडं कुठे. प्रत्येकजण आपल्यापुरतं सांगायचा, हरीदादांकडे बघून. मी पेन्सिलीनं सगळं मांडलं होतं, भिंतही. मग पेन घेऊन पक्क्या रेघा ओढायला लागले. आधी नानांचं घर, मग काकांचं. भिंतीपाशी आले. ऑफिसात कुठल्याही पार्टीला विचारते तसंच मी विचारलं,

"भिंत काढू?"

काकूंनी आतला मिक्सर बंद केला. बळीनाना उठून टेबलापाशी आले आणि त्या रेघेकडे बघत राहिले.

"काढ," ते म्हणाले.

मी पट्टी लावली, पेन टेकवणार तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"पेनानं नको, बाय. रबरानं."

मी सरांकडे पाहिलं, हरीदादांकडे पाहिलं. दामाकाका खिडकीबाहेर बघत होते. मी रबर घेतलं. रेघ मी जरा दाबूनच ओढली होती, निघायला वेळ लागला.

दामाकाका गुडघ्यावर हात ठेवून उठले, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले, आणि खाली वाकून त्यांनी कागदावरचा रबराचा चुरा फुंकरीनं उडवून टाकला.